टॉकीजचा सातबारा

बुधवार : काळा घोडा ते धोबीतलाव

मामा चर्चगेटला उतरले ते पिशवीत जुन्या डायऱ्या घेऊनच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका फिल्म वितरकाकडे रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून काढली. पिक्चरच्या पेट्यांबरोबर गावोगाव जायचं, टॉकीजच्या ऑफिसात ठाण मांडायचं आणि रोजचा गल्ला मुंबईला कळवायचा, हे त्यांचं काम. मुंबई, पुणे, कोल्हापूर या पट्ट्यातली जुनी टॉकीज बघत जायचं, उरलेली का उरली आणि गेलेली का गेली ते विचारायचं, असा माझा बेत होता. मामांनी प्लॅटफॉर्मवरच बजावलं, "पडदे बघत बसू नकोस. जागा कुणाची ते विचार. बाकीचं आपोआप कळतं."

सुरुवात काळ्या घोड्यापासून केली, कारण इथल्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या माणसाने भारतातला पहिला चलच्चित्रांचा खेळ केला. तिकीट एक रुपया. त्या काळात रुपया म्हणजे साहेबलोकांचीच करमणूक. आठवड्याभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवला आणि मग इतरांचीही सोय झाली. वॉटसनचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजाने आणलेला. इमारतीचं आजचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. धोकादायक ठरवून ती रिकामी केलेली आहे. समोरच्या फुटपाथवरून बघायची. सिनेमाचा जन्म भाड्याच्या खोलीत झाला, एवढं मामांनी डायरीत टिपून घेतलं.

तिथून चालत रीगल. १९३३ सालचं. व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या मुलाने, चार्ल्स स्टीव्हन्सने याचा आराखडा केला. वातानुकूलन, तळघरात मोटारी ठेवायची सोय. मोटारवाला प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं थिएटर. लॉरेल आणि हार्डीच्या पिक्चरने उद्घाटन झालं. मला रीगलचं दर्शनी भिंतीवरचं उभं, उंच नाव आवडतं. मामांना पार्किंग आवडतं. "नव्वद वर्षांपूर्वी या माणसाला गाडी कुठे लावायची ते सुचलं. आमच्याकडे सायकल स्टँडचा ठेका दुसऱ्यालाच दिलेला असायचा आणि त्याचंच उत्पन्न बाल्कनीपेक्षा जास्त!"

इरॉसचा लाल दगडाचा दर्शनी भाग स्वच्छ धुतलाय. १९३८ मध्ये सुरू झालेलं हे थिएटर २०१७ ते २०२४ बंद होतं. आता आत आयमॅक्सचा पडदा आहे. हजारभर खुर्च्यांच्या जागी साधारण तीनशे. हेही जिवंत राहणंच, पण आतल्या जुन्या प्रेक्षागृहाचं दर्शन काही आता व्हायचं नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात रीगल आणि इरॉस दोन्ही येतात. म्हणजे बाहेरून हात लावायला बंदी. मामांच्या हिशेबात हीदेखील जमिनीचीच भानगड: "पाडता येत नाही म्हणून चालवायचं."

मेट्रो आम्ही नुसतं बाहेरून पाहिलं. हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीने १९३८ मध्ये स्वतःचे पिक्चर दाखवायला बांधलेलं. २००६ पासून मल्टिप्लेक्स.

लिबर्टीत मात्र तासभर रमलो. दक्षिण मुंबईतली सगळी देखणी थिएटरं इंग्रजी पिक्चर लावत होती, तेव्हा हबीब हुसेन यांनी हिंदी पिक्चरसाठी तितकंच देखणं थिएटर बांधायचं ठरवलं. देश स्वतंत्र झाला आणि नाव ठरलं. १९४९ साली 'अंदाज'ने पडदा उघडला. भिंतींवर आणि छतावर गोठलेल्या कारंज्यांसारखी नक्षी, लाकडी कठडे. १९९४ चा 'हम आपके हैं कौन' इथे शंभराहून जास्त आठवडे चालला. त्यावेळी व्हिडिओ आणि केबलने टॉकीजचा धंदा खलास केला असं सगळे धरून चालले होते. निर्मात्याने व्हिडिओ कॅसेट मुद्दामच बाजारात आणली नाही आणि घराघरातल्या बायका पुन्हा थिएटरात आल्या. मामा म्हणाले, त्या वर्षी त्यांच्या भागातल्या कित्येक टॉकीजवाल्यांनी लेडीज बाथरूम दुरुस्त करून घेतली. विनोद नाही. इतकी वर्षं कुणी तिकडे बघितलंच नव्हतं.

गुरुवार : गिरगाव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल

आजचा दिवस नसलेल्या थिएटरांचा.

सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर, कोरोनेशन होतं. १९१२ च्या मे महिन्यात तिथे तोरण्यांचा 'पुंडलिक' लागला आणि ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. कोरोनेशनचा आज मागमूस नाही. फाळके गावोगाव फिरले तेव्हाची त्यांची एक जाहिरात प्रसिद्ध आहे: ५७ हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत. तासन् तास चालणाऱ्या नाटकांच्या गावात चाळीस मिनिटांचा खेळ विकायचा, म्हणून लांबी मैलांत सांगितलेली. मामांनी रस्त्यावर उभ्याउभ्या हिशेब केला. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चौकटी. 'हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा. म्हणजे साठ हजारांच्या आत-बाहेर चौकटी, ५७ हजार बरोबरच. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट. "फोटोंचा आकडा खरा, मैलाचा खोटा. म्हणजे आमच्या धंद्याची पब्लिसिटी पहिल्या दिवसापासून अशीच आहे."

मॅजेस्टिक सिनेमाही गेला. १४ मार्च १९३१ ला इथे 'आलम आरा' लागला आणि चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं. पोलीस बोलवावे लागले. हिंदी बोलपट आणि तिकिटांचा काळा बाजार यांची इथली गाठ तेव्हापासूनची. आज त्या जागी शॉपिंग सेंटर आहे. मराठी वाचकाच्या तोंडी मॅजेस्टिक हे नाव आता पुस्तकांमुळेच राहिलंय.

जवळच रॉयल ऑपेरा हाउस. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली उद्घाटनाला आलेला. नाटकं, मग सिनेमा, मग १९९३ पासून कुलूप, आणि दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा सुरू. मधल्या काळात गोंडलच्या राजघराण्याने ही वास्तू विकली नाही, म्हणून ती आज दिसते. भाडेकरू चालकाला तेवीस वर्षं कुलूप परवडलं नसतं, हे कळायला कुणा अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

लॅमिंग्टन रोडला मिनर्व्हा. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला 'शोले' इथे पाच वर्षं उतरला नाही. तीन वर्षं रोजचे खेळ, पुढे मॅटिनी. पाडलं. पुढे नाझ. नाझच्या इमारतीत वितरकांची ऑफिसं, मजल्यावर मजले. मामांची नोकरी इथलीच. जिन्यात पेट्यांच्या चळती, हमालांची धांदल, गुरुवारी रात्री एसटी आणि रेल्वेच्या पार्सलवर पेट्या चढवायची घाई. कारण शुक्रवारी पिक्चर लागायचा.

इथे मामांनी मला नकाशा समजावला, आणि तो त्या दिवसभरातला सगळ्यात मोठा ऐवज होता. फिल्मवाल्यांचा महाराष्ट्र सरकारी महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे. मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि कर्नाटकाचा काही भाग मिळून 'बॉम्बे सर्किट'. मराठवाडा 'निझाम'मध्ये, हैदराबादेबरोबर. विदर्भ 'सीपी बेरार'मध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, आणि त्याची वितरणाची ठाणी अमरावती आणि भुसावळ. भुसावळ का, तर रेल्वेचं जंक्शन. निझाम गेला, मध्य प्रांत गेला, भाषावार राज्यं झाली, तरी हक्क विकताना कागदावर हीच नावं राहिली. औरंगाबादला पिक्चर लावायचा तर हक्क निझामवाल्याकडे. "राज्य पुनर्रचना आयोग नाझ बिल्डिंगपर्यंत आलाच नाही," मामा म्हणाले.

दुपारी पिला हाउसचा पट्टा पायी केला. आल्फ्रेड, गुलशन, निशात, रॉयल, सिल्व्हर... एकोणिसाव्या शतकातल्या पारशी नाटकशाळांच्या जागी वाढलेली ही थिएटरं. अगदी अलीकडपर्यंत हाताने रंगवलेली पोस्टरं इथे लागायची. मुंबईत एकटा आलेला कामगार तीन तास पंख्याखाली बसायला इथे यायचा. पिक्चर कोणता हा प्रश्न दुय्यम. या प्रेक्षकावर कुणी लेख लिहीत नाही आणि हे थिएटर बंद पडलं तर फेसबुकवर हळहळही नाही. रीगल आणि लिबर्टीसाठी गळा काढणाऱ्यांमध्ये मीही आहे, पण पिला हाउसच्या खिडकीवर रांग लावलेली आमच्यातली किती माणसं निघतील?

मराठा मंदिरचं मात्र सकाळीच उरकलं होतं, कारण तिथला तो खेळ साडेअकराचा. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला लागला. २०१५ मध्ये हजार आठवडे उलटल्यावर थांबवायचं ठरलं, लोक चिडले, पुन्हा सुरू झाला. नायकाचं तोंड दिसायच्या आत शिट्ट्या. संवाद पडद्याच्या अर्धा सेकंद आधी स्टॉलमधून येतात. माझ्या शेजारच्या तरुणाची साडेतीनची गाडी होती. पायाशी सॅक, मांडीवर वडापावची पुडी, आणि मध्यंतरात त्याने घड्याळ लावून ठेवलं. समोर एसटी आगार, पलीकडे मुंबई सेंट्रल स्टेशन. गाडीला वेळ असलेली माणसं या खेळाला कायम मिळत आली आहेत. इमारत मराठा मंदिर या संस्थेची, १९५८ सालची. इथेच ५ ऑगस्ट १९६० ला 'मुघल-ए-आझम'चा प्रीमियर झाला. मामांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. संस्था म्हटल्यावर पुढचं बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

शुक्रवार : लालबाग, दादर आणि संध्याकाळची गाडी

लालबागचं भारतमाता म्हणजे गिरणगावाचं मराठी थिएटर. दुसऱ्या पाळीचे कामगार सकाळचा खेळ बघून गिरणीत शिरायचे, पहिल्या पाळीचे सुटल्यावर यायचे. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, पाळ्या संपल्या, प्रेक्षक कोकणात आणि घाटावर परतला. थिएटर उभं आहे ते गिरणीच्या जमिनीवर आणि ती जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे. जागा रिकामी करण्यावरून वर्षानुवर्षं वाद झाला, मराठी कलावंत रस्त्यावर उतरले. लालबागमध्ये जमिनीचा भाव काय आहे ते सांगायला नको. त्या भावात मराठी पिक्चरचं तिकीट कुठल्याही गणिताने बसत नाही.

दादरला कोहिनूर नाही, मॉल आहे. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला ठरलेलं थिएटर ऐनवेळी मिळेना, दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक कोहिनूरवर पोचले आणि पिक्चर लागला, ही गोष्ट प्रत्येक दादरकराला पाठ आहे. मामा तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. त्यांचं म्हणणं, तोवर मराठी पिक्चरला मुंबईत मॅटिनी मागतानासुद्धा वितरकाला चारदा खेटे घालावे लागत.

प्लाझा आहे. व्ही. शांताराम यांच्या नावाशी जोडलेलं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत हेही एक ठिकाण होतं. त्यानंतर पुन्हा उभं राहिलं. चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. हिंदमाता कित्येकांनी आतून पाहिलेलंच नाही, पण दर जुलैत पाणी तुंबलं की बातम्यांत त्याचं नाव येतंच.

संध्याकाळी डेक्कन क्वीन. कर्जत येईपर्यंत मामांनी धंदा का बसला त्याचा पाढा म्हटला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आलं. शनिवार-रविवार संध्याकाळी सिनेमा घरात. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही, पाठोपाठ व्हिडिओ पार्लर. नव्वदीत केबल. पण मामांच्या मते ही सगळी आजारपणं होती, त्यातून टॉकीज उठत होती. खरा घाव २००१ नंतरचा. मल्टिप्लेक्सना सरकारने करमणूक करात भरघोस सूट दिली आणि एकपडदावाले पूर्ण कर भरत राहिले. ज्याच्याकडे हजार खुर्च्या त्याने एकच पिक्चर लावायचा; पडला तर आठवडाभर हजार खुर्च्या रिकाम्या. चार पडदेवाला दुपारपर्यंत पिक्चर बदलतो. वर थिएटर पाडून काही बांधायचं तर नव्या इमारतीतही थिएटर ठेवलंच पाहिजे, असा नियम. सांस्कृतिक हेतू चांगला, पण परिणाम असा की मालक चालवतही नाही आणि पाडतही नाही. कुलूप लावून नियम बदलायची वाट बघतो. मार्च २०२० मध्ये सगळी थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद, २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. तेवढ्या काळात पुष्कळ मालकांना कुलपाची सवय झाली.

नियमाच्या बाबतीत मी मामांशी पूर्ण सहमत नाही. नियम नसता तर आज बघायला इतकीही राहिली नसती. यावर आमचं खंडाळ्यापर्यंत जुंपलं आणि कटलेट आल्यावर मिटलं.

शनिवार : पुणे

मंडईजवळच्या आर्यन वाहनतळात आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. स्कूटर लावायला आलेली माणसं आमच्याकडे संशयाने बघून गेली. पुण्याचं पहिलं कायमचं थिएटर इथे होतं. गंगाधरपंत पाठकांनी ते ७ फेब्रुवारी १९१५ ला सुरू केलं. बरोबर पाच वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९२० ला, बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' इथेच लागली. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की बायाबापड्या किंचाळल्या असं सांगतात. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' पदवी दिली. १९८३ मध्ये आर्यन पाडलं. जागा महापालिकेकडे आणि वर गाड्या. नावाचं वाहनतळ केलं, एवढी कृतज्ञता पुण्याने दाखवली.

अप्पा बळवंत चौकातलं प्रभात १९३४ सालचं. इमारत इंदूरच्या सरदार किब्यांची, चालवायला प्रभातवाल्यांकडे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली होती; तिच्या पिक्चरना गावात स्वतःचा पडदा मिळाला. १९९१ चा 'माहेरची साडी' इथे लागला तेव्हा खेड्यापाड्यांतून एसटी, टेम्पो भरून बायका येत होत्या. २०१४ च्या डिसेंबरात कराराची मुदत संपली, किल्ल्या मालकांकडे गेल्या, आणि पाटी बदलून 'किबे लक्ष्मी थिएटर' झालं. त्या वेळी वर्तमानपत्रांतून 'प्रभात पडद्याआड' वगैरे मथळे आले. पण बघा, इथे मालकाने जागा परत घेतली आणि थिएटरच चालवलं. पुण्यातल्या जुन्या पेठेत, त्या भावाच्या जागेवर, कुणी असं करतो तेव्हा त्याच्या नावाने शंख करण्याऐवजी तिकीट काढावं. आम्ही काढलं. पिक्चर सुमार होता, आवाज मात्र उत्तम.

कॅम्पात व्हिक्टरी. पूर्वीचं कॅपिटॉल. २४ जानेवारी १९४३ ला भूमिगत क्रांतिकारकांनी इथे बॉम्ब उडवले, गोऱ्या सैनिकांची गर्दी हेरून. कॅम्पातली थिएटरं लष्करी गोऱ्यांसाठी आणि गावातली गावासाठी, हा भेद त्या बॉम्बच्या जागेवरून कळतो. डेक्कनवरचं नटराज गेलं, मॉल आला. अलका चौकात सिग्नलला थांबलो तेवढंच.

दुपारनंतर लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ साली स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी ते आकाराला आणलं. फाळक्यांच्या फिल्म आज बघायला मिळतात त्या याच माणसाच्या पायपिटीमुळे. इथे एक गोष्ट खटकली ती सांगतो. फिल्म जपायला संस्था आहे, खास थंड कोठारं आहेत. ती फिल्म ज्या ठिकाणी हजार माणसं एकत्र बघायची त्या ठिकाणासाठी काहीच नाही. तिकिटांची पुस्तकं, बैठकीचे नकाशे, रोजच्या गल्ल्याचे तक्ते, जे मामांच्या पिशवीत आहेत, ते बहुतेक गावांत रद्दीत गेले.

रविवार : कराडच्या अलीकडे

गावाचं नाव मालकांनी लिहू नका म्हटलं, म्हणून लिहीत नाही. हायवेपासून चार किलोमीटर आत, तालुक्याचं ठिकाण. टॉकीजचं मंगल कार्यालय झालंय. स्टॉलचा उतार भरून जमीन सपाट केली, पडद्याच्या जागी वधूवरांचं स्टेज, बाल्कनीत जेवणाच्या पंगती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेलं तट्ट्यासारखं आच्छादन मात्र अजून आहे, त्यामुळे सनई जरा दबकी वाजते असं आचाऱ्याने सांगितलं.

मालकांनी वरची केबिन उघडून दिली आणि जुन्या ऑपरेटरना बोलावून घेतलं. सत्तरी पार केलेले, पांढरी टोपी. मामांना बघताच म्हणाले, "साहेब, अजून पेटी आली नाही." दोघं हसत सुटले.

दोन प्रोजेक्टर जागेवर आहेत. दोन का, तर दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. संपत आलं की चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो. तो पहिला इशारा: दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका: झडप टाकायची, याचा उजेड बंद आणि त्याचा चालू. जमलं तर खाली कुणाला कळत नाही. नाही जमलं तर पांढरा पडदा आणि आई-बहिणीवरून शिव्या. आयुष्यभर पिक्चर बघूनही तो ठिपका मला कधी दिसला नव्हता. ऑपरेटरकाका म्हणाले, "दिसला असता तर आमचा पगार कशाला?"

उजेड कार्बनच्या कांड्यांचा. दिव्याच्या पेटीत दोन कांड्या समोरासमोर, टोकांमध्ये बोटभर फट, त्यात विजेची कमान पेटायची. धनाची कांडी ऋणापेक्षा लवकर झिजते, म्हणून फट सारखी ठेवायला चक्र फिरवत राहायचं. निळ्या काचेच्या भोकातून ज्योत बघायची. धूर जायला छतातून धुराडं. काकांनी कोनाड्यातून उरलेली थोटकं काढली, वर तांब्याचा पातळ मुलामा, बोटं काळी करणारी. एका कांडीत एक रीळ पूर्ण व्हायला हवं, नाहीतर मारामारीच्या मध्येच पडदा पिवळा पडायचा. मालक कंजूस असला तर थोटकं जोडून वापरायला लावायचा. इथे दोघांनी मान वळवून विद्यमान मालकांकडे पाहिलं, ते म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वेळची गोष्ट आहे ती."

केबिनच्या भिंतीतल्या चौकोनी खिडक्यांवर लोखंडी झडपा अजून टांगलेल्या आहेत. जुनी नायट्रेटची फिल्म भडका घ्यायची, म्हणून तापलं की वितळणाऱ्या कडीवर झडप लटकवायची. आग लागली की कडी वितळून झडपा खाली, प्रेक्षक सुरक्षित. ऑपरेटर आत. या रचनेबद्दल काकांना विचारलं तर म्हणाले, "दार बाहेर उघडतं ना."

एकच प्रिंट दोन गावांत चालवायची युक्तीही इथली. या टॉकीजचा खेळ अर्धा तास आधी सुरू व्हायचा. पहिलं रीळ संपलं की पोरगा ते सायकलला लावून शेजारच्या गावी पळवायचा, येताना आधीचं आणायचा. पावसात सायकल घसरली की तिकडे मध्यंतर लांबायचं. वितरकाच्या नियमात हे बसत नव्हतं. मामांनी त्या वेळी काय केलं असं मी विचारलं, तर त्यांनी खिडकीबाहेर उसाकडे बघितलं.

२००५ नंतर उपग्रहावरून पिक्चर यायला लागला तेव्हा इथे आनंद झाला होता. तोवर मुंबई-पुण्यात घासून झालेली प्रिंट सहा महिन्यांनी, पावसासारख्या रेघांसकट यायची. आता शुक्रवारी मुंबईबरोबर इथेही. पण शुक्रवारी सगळीकडेच, म्हणजे सातारा, कराड आणि तालुक्याच्या गावात एकाच वेळी. मोटरसायकलवाला पोरगा कराडच्या एसी थिएटरात जायला लागला. दोन-तीन वर्षं बरी गेली, मग लग्नाचं भाडं पिक्चरच्या भाड्यापेक्षा वर गेलं. प्रोजेक्टर भंगारवाल्याने किलोवर मागितलेत. मालकांनी अजून दिलेले नाहीत.

सोमवार : कोल्हापूर

व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज चौक. रिक्षावाल्याला पत्ते सांगायचे तर टॉकीजनेच. दोन मैलांच्या घेरात इतकी टॉकीज असलेलं हे गाव. उषा, पद्मा, राजाराम, शाहू, पार्वती... मामा बोटं मोडत गेले. काही बंद, काही मल्टिप्लेक्स, एखाद-दुसरं तसंच. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला त्याची आठवण. गावाने कॅमेऱ्याचं स्मारक केलं, ही गोष्ट मला मुंबईतल्या कुठल्याही कमानीपेक्षा मोठी वाटते.

मग केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. टॉकीज नव्हे, नाटकाचं घर, पण बघितल्याशिवाय पुढे जाववेना. आग विझली त्याच आठवड्यात पुन्हा बांधायचं सरकारने जाहीर केलं. वास्तू महापालिकेची, बांधलेली महाराजांनी, त्यामुळे इथे कुणी मॉल सुचवायची छाती केली नाही. याच रस्त्यावरचं एखादं खासगी टॉकीज जळालं असतं तर विम्याची चौकशी झाली असती आणि पाठोपाठ बिल्डरची.

रात्री नऊच्या खेळाला एका एकपडदा टॉकीजमध्ये गेलो. स्टॉलच्या लाकडी खुर्च्या, बाल्कनीत गाद्या, जिन्यात पान न थुंकण्याची सूचना आणि तिच्यावरच पान. मध्यंतरात मामा उठले ते थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. जुनी सवय: खिडकीवरच्या आकड्यावर रिप्रेझेंटेटिव्ह विश्वास ठेवत नाही, आत येऊन डोकी मोजतो.

"किती गेलीत?" मामांनी विचारलं.

"अठ्ठावन्न. आता सगळं ऑनलाइन दिसतं, काका."

"मी त्रेसष्ट मोजली."

मॅनेजरने टॉर्च घेतला, पडदा बाजूला सारून आत बघून आला. "पुढच्या रांगेतली पाच आमच्या डोअरकीपरची नातवंडं आहेत."

"मग त्यांचाही जीएसटी भर," मामा म्हणाले, आणि डायरीत त्रेसष्ट लिहिलं.